धर्मग्रामाचं आत्मपरीक्षण: तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला कॅथलिक समाज, पॅरिश. त्याचं आत्मपरीक्षण म्हटलं की बहुतेक ठिकाणी सुरुवात प्रश्नावलीने होते. फादरांना सल्ला देणाऱ्या धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत वीसेक प्रश्न ठरतात आणि रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, कागद वाटले जातात. त्यातले थोडेच परत येतात, आणि आलेल्यांत 'सगळं छान आहे' नाहीतर 'माइक नीट करा' असं काहीतरी लिहिलेलं असतं. मग गठ्ठा ऑफिसच्या कपाटात जातो. पुढच्या वेळी कुणी ऐकायला आलं की लोक म्हणतात, 'मागच्या वेळी सांगितलं होतं, त्याचं काय झालं?'

लोकांची इच्छा नसते म्हणून हे बिघडत नाही. क्रम चुकतो म्हणून बिघडतं. मिस्सेनंतर वाटलेला कागद मिस्सेला आलेल्याच्याच हातात पडतो. जो यायचा थांबला त्याच्यापर्यंत तो पोहोचतच नाही, आणि धर्मग्रामाच्या भवितव्याबद्दल सर्वात महत्त्वाचं सांगणं त्याच्याकडेच असतं. म्हणून इथे क्रम असा धरला आहे: आधी वह्या, मग वस्ती, मग माणसं, आणि निर्णय सगळ्यात शेवटी.

हे सगळं वसई ते डहाणू पट्ट्यातली कॅथलिक धर्मग्रामं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. शेतीवाडीची जुनी गावं, कोळीवाडे, नालासोपारा-विरारच्या नव्या इमारती आणि तलासरी-जव्हारकडचे आदिवासी पाडे हे सगळं या पट्ट्यात येतं. प्रत्येकाची गत वेगळी, पण टप्पे तेच.

## सुरू करण्याआधी: वेळ, माणसं आणि फादरांचा शब्द

वेळ. या कामाला आठ-दहा महिने लागतात. दोन महिन्यांत उरकायचं असेल तर हातच घालू नका. वेळापत्रक चर्चच्या सोयीने आखू नका, लोकांच्या धंद्यापाण्याप्रमाणे आखा. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, तेव्हा कोळीबांधव घरी असतात. आदिवासी कुटुंबं भाताची लावणी झाल्यावर थोडी मोकळी होतात आणि दिवाळीनंतर बरीचशी वीटभट्ट्यांवर निघून जातात. त्यांचं ऐकायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर गाठायला हवा. परदेशी असलेली मुलं नाताळात नाहीतर मे महिन्यात घरी येतात. जून-जुलैत वह्या आणि कोळीवाडा, ऑगस्ट ते ऑक्टोबर बाकीचं ऐकणं, आगमनकाळात (नाताळाआधीच्या आठवड्यांत) लोकांना वाचून दाखवणं आणि उपवासकाळात (ईस्टरआधीच्या आठवड्यांत) निर्णय, अशी आखणी बहुतेक ठिकाणी जमते.

एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. सिनडच्या, म्हणजे रोमला भरलेल्या जागतिक धर्मसभेच्या, अंमलबजावणीचा भाग म्हणून २०२७च्या पहिल्या सहामाहीत धर्मप्रांतांच्या (एकेका बिशपांच्या हाताखालच्या प्रदेशांच्या) पातळीवर मूल्यमापन सभा व्हायच्या आहेत आणि ऑक्टोबर २०२८मध्ये रोमला सभा भरणार आहे. धर्मग्रामाचं काम त्याआधी झालेलं असेल तर आपलं म्हणणं वर पोहोचवायला जागा मिळते.

गट. सात ते नऊ जणांचा गट पुरे. त्यात निम्म्या स्त्रिया असाव्यात. पंचविशीच्या आतलं एक जण, गेल्या पाच वर्षांत राहायला आलेल्या कुटुंबातलं एक जण आणि आजवर कुठलंही पद न घेतलेली दोन माणसं हवीत. परिषदेचे सगळे पदाधिकारी उचलून गट बनवला तर तीच दहा माणसं स्वतःच्याच कामाला गुण देतात. शिवाय ज्याचं अक्षर चांगलं आणि ज्याच्या पोटात गोष्ट राहते असा एक लिहिणारा शोधा. बोलणारे पुष्कळ मिळतील, हा माणूस मिळायला वेळ लागतो.

फादर. प्रमुख धर्मगुरूंनी तीन गोष्टी रविवारी सगळ्या मिस्सांत स्वतः सांगाव्यात: हे काम होणार आहे, गटाला मोकळीक आहे, आणि जे ऐकलं जाईल ते लोकांना परत वाचून दाखवलं जाईल. ऐकण्याच्या बैठकांना मात्र फादरांनी बसू नये. लोकांचं त्यांच्यावर प्रेम असतं म्हणूनच त्यांच्यासमोर ते जपून बोलतात.

> तपासा: फादरांनी तिसरी गोष्ट जाहीरपणे सांगितली का? नसेल तर पुढे जाऊ नका. वाचून दाखवायचा शब्द मिळालेला नसताना लोकांना बोलतं करणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

## टप्पा १: प्रश्न ठरवा, आणि तीनच ठरवा

'आपल्या धर्मग्रामाचं भवितव्य काय?' या प्रश्नाला कुणीच खरं उत्तर देऊ शकत नाही, कारण तो फार मोठा आहे. 'मराठी मिस्सा कमी करावी का?' हा प्रश्न उलट फार अरुंद आहे. तो विचारला की हो आणि नाही असे दोन तट पडतात आणि बाकी सगळं बोलणं थांबतं.

चालणारे तीन प्रश्न असे:

१. गेल्या वर्षभरात धर्मग्रामाचा तुमच्या घराला आधार कधी वाटला? आणि आपण एकटे पडलो असं कधी वाटलं?

२. तुमच्या आळीतलं, इमारतीतलं कोण येत नाही? तुमच्या समजुतीप्रमाणे का?

३. पुढच्या पाच वर्षांत आपण सगळ्यात आधी कुणाची किंवा कशाची काळजी घ्यायला हवी? त्यासाठी आज चाललेलं काय सोडून द्यायला तुम्ही तयार आहात?

तिसऱ्या प्रश्नाचा उत्तरार्ध गाळायचा मोह होतो. तो गाळलात तर हाती मागण्यांची यादी येईल आणि ती पुरी करायला ना माणसं असतील ना पैसा. सोडण्याबद्दल विचारलं की लोक खरोखर विचार करायला लागतात.

## टप्पा २: वह्या उघडा

माणसांकडे जाण्याआधी ऑफिसातली दप्तरं बघा. चर्चच्या कायद्यातल्या कलम ५३५ प्रमाणे बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या प्रत्येक धर्मग्रामाला ठेवाव्याच लागतात, त्यामुळे ही सामग्री सगळीकडे आहे. फादरांच्या परवानगीने, ऑफिसात बसून फक्त आकडे उतरवा. नावं उतरवू नका आणि पानांचे फोटो काढू नका.

किती मागे जायचं? वीस वर्षं पुरेत. एकेका वर्षाचे आकडे फसवतात, म्हणून तीन-तीन वर्षांची सरासरी काढा. २०२० आणि २०२१ वेगळी ठेवा. तेव्हा चर्च बंद होती, लग्नं पुढे ढकलली गेली आणि मृत्यूही नेहमीच्या मापाने मोजता येणार नाहीत.

बाप्तिस्म्याचा आकडा म्हणजे धर्मग्रामातल्या मुलांचा आकडा नव्हे. पहिलं बाळंतपण माहेरी झालं की कधी कधी बाप्तिस्माही माहेरच्या चर्चमध्ये होतो. विरारला फ्लॅट घेतलेला मुलगा बाळाचा बाप्तिस्मा गावच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, करायचा हट्ट धरतो. म्हणून या आकड्याशेजारी प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्या, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर पहिल्यांदा घेणाऱ्या (पहिल्या कम्युनियनच्या) मुलांचा आकडा मांडा. समजा, आठ-नऊ वर्षांपूर्वी चाळीस बाप्तिस्मे झाले आणि यंदा पहिल्या कम्युनियनला बावीसच मुलं बसली. मग उरलेली अठरा कुठे गेली, हा खरा प्रश्न हाती आला. नालासोपाऱ्याच्या बाजूला चित्र नेमकं उलटंही निघेल, म्हणजे बाप्तिस्मे पंधरा आणि कम्युनियनला साठ मुलं. तिथे प्रश्न येणाऱ्यांना सामावून घेण्याचा आहे.

समासातल्या नोंदी वाचा. ही सर्वात उपयोगी आणि सर्वात दुर्लक्षित जागा. एखाद्याचं लग्न दुसऱ्या धर्मग्रामात झालं की तिथून कळवलं जातं आणि त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात तारीख आणि चर्चचं नाव लिहिलं जातं. १९९०च्या आसपास बाप्तिस्मा झालेल्यांची पानं घ्या आणि समासातल्या चर्चची नुसती यादी करत जा: शेजारचा धर्मग्राम, वसई रोड, बोरिवली, पुणे, दुबई, टोरांटो. आपली तरुण पिढी कुठे विखुरली याचा नकाशा तुमच्याच वहीत, तुमच्याच फादरांच्या अक्षरात आहे. काही समास कोरे असतील. तिथे माणूस अविवाहित असेल, किंवा लग्न चर्चबाहेर झालं असेल, किंवा कळवायचं राहिलं असेल. कोऱ्या समासावरून कुणाबद्दल तर्क करू नका.

मिस्सेला किती लोक येतात ते मोजा. लागोपाठ चार साधे रविवार घ्या. सण, नाताळ, पुनरुत्थानाचा आठवडा आणि मे महिना टाळा. दोन स्वयंसेवकांनी अर्पणविधीच्या वेळी बाजूने चालत बाक मोजायचे. मुलं, तरुण, मोठे असे तीन रकाने आणि प्रत्येक मिस्सेचा वेगळा कागद. अंदाजाने 'चर्च भरलेलं होतं' असं लिहू नका. उभे राहिलेल्यांमुळे अर्ध्या बाकांचं चर्चही भरलेलं वाटतं.

> इशारा: वर्गणी आणि दानाच्या वह्या या टप्प्यावर उघडू नका. कुणी किती दिलं हे गटातल्या एकालाही कळलं की पुढे त्या घरी ऐकायला जाताना नजर बदलते. एकूण जमाखर्च अर्थ समितीकडून नंतर घेता येतो.

## टप्पा ३: वस्तीचा नकाशा

मोठा कागद घ्या आणि धर्मग्रामाची हद्द हाताने काढा. मोबाइलवरचा नकाशा छापून आणला तर लोक त्यात आपलं घर शोधत बसतात. हाताने काढताना मात्र 'इथे आता टॉवर झालाय, त्यात आपले किती?' असं बोलणं निघतं, आणि ते बोलणंच हवं असतं. आळी, वाडी, पाडा, कोळीवाडा, इमारती सगळं मांडा.

मग प्रत्येक भागावर तीन आकडे लिहा: आपली घरं अंदाजे किती, त्यातली कुलूपबंद किती, आणि म्हातारं माणूस एकटंच राहतं अशी किती. भाड्याने राहणारी कुटुंबं विसरू नका. कुटुंबपत्रिकेत, म्हणजे चर्चच्या घरोघरच्या नोंदीत, ती बहुधा नसतात, कारण अकरा महिन्यांचा करार संपला की जातील असं धरून कुणी त्यांची पत्रिकाच बनवत नाही. दहा वर्षं त्याच इमारतीत राहून पत्रिका नसलेली केरळी, तमिळ, कोकणी कुटुंबं प्रत्येक शहरी धर्मग्रामात सापडतात.

आजार, घरातली भांडणं, कुणाचं लग्न कुठल्या धर्मात झालं हे नकाशावर लिहायचं नाही.

> तपासा: ज्या भागाबद्दल गटातल्या कुणालाच काही सांगता आलं नाही त्याभोवती लाल रेघ ओढा. ऐकण्याची सुरुवात तिथून करायची.

## टप्पा ४: ऐकणं

सगळं काम या टप्प्यावर तोललेलं आहे, म्हणून इथे सावकाश जा.

### अ. समूहातली बैठक

शेजारपाजारच्या घरांचे लहान ख्रिस्ती समूह ही तयार जागा आहे. मात्र एका बैठकीत दहापेक्षा जास्त माणसं बसवू नका. समूह मोठा असेल तर दोन बैठका घ्या. चर्चच्या सभागृहापेक्षा कुणाच्या तरी ओटीवर किंवा इमारतीच्या गच्चीवर बसा. वेळ सांभाळा: लोकलने आठला उतरणारा माणूस साडेआठच्या बैठकीला जेवणाआधी येत नाही, आणि भाजी-फुलं घेऊन पहाटे दादर गाठणारी बाई रात्री नऊला बसू शकत नाही. दोघांसाठी वेगवेगळे वार ठेवावे लागतात.

एकूण दीड तास. क्रम असा:

वाचन, दहा मिनिटं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६, ओवी १ ते ७. सहसा दुसऱ्या अध्यायातलं वाचन निवडतात, सगळे एकत्र राहत होते आणि सगळं वाटून घेत होते ते. ते सुंदर आहे, पण ते ऐकल्यावर लोक आदर्श उत्तरं देतात. सहाव्या अध्यायात तक्रार आहे. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, त्यांनी कुरकुर केली, प्रेषितांनी ती ऐकली आणि लोकांनीच सात माणसं निवडली. दोन भाषांचे लोक, वाटपातला अन्याय आणि त्यावर काढलेली वाट हे सगळं सात ओव्यांत आहे. पहिल्या मंडळीतही तक्रार झाली होती हे कानावर पडलं की माणसं मोकळी होतात.

पहिली फेरी, तीस मिनिटं. प्रत्येकाने तीन मिनिटं बोलायचं. मध्ये कुणी बोलायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, 'असं नव्हतं हो झालं' असंही म्हणायचं नाही. सुरुवात वयाने लहान असलेल्यापासून करा. ज्येष्ठ आधी बोलले की बाकीचे 'काका म्हणाले तेच' म्हणून मोकळे होतात.

शांतता, तीन मिनिटं. ही गाळू नका.

दुसरी फेरी, वीस मिनिटं. आता स्वतःचं म्हणणं पुन्हा मांडायचं नाही. दुसऱ्याच्या बोलण्यातलं काय मनाला लागलं ते सांगायचं. लोक इथे घसरतात आणि आपलाच मुद्दा नव्याने सांगू लागतात. चालवणाऱ्याने हळूच विचारावं, 'मावशी, हे कुणाचं ऐकून आठवलं?'

पुन्हा शांतता, आणि तिसरी फेरी, वीस मिनिटं. आपल्याला एकत्रितपणे काय दिसतंय, कशावर एकमत आहे आणि कशावर नाही. एकमत नसेल तर तसंच लिहा. ओढूनताणून जुळवू नका.

तीन फेऱ्यांची ही पद्धत रोमच्या सिनड सभेत गोल टेबलांभोवती वापरली गेली. ओटीवरही ती तितकीच चालते, कारण तिला ना प्रोजेक्टर लागतो ना भाषण.

### आ. घरभेटी

नकाशावरच्या लाल रेघेतली घरं, एकटी राहणारी म्हातारी माणसं आणि यायचे थांबलेले लोक यांच्याकडे दोघांनी मिळून जायचं. त्यात एक बाई असावी. आधी फोन करून वेळ मागा. पहिलं वाक्य 'तुम्ही चर्चला का येत नाही?' हे असूच नये. 'आम्हाला तुमच्याकडून ऐकायचं आहे' एवढं म्हणा आणि पहिला प्रश्न विचारा. कुणी जुनी जखम उघडली, म्हणजे अंत्यविधीच्या वेळी कुणी काय बोललं, वर्गणी थकली म्हणून चर्चचं पत्र कसं नाकारलं, तर समर्थन करू नका. ऐका, लिहा, माफी मागावीशी वाटली तर मागा.

जे परदेशी आहेत त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बैठक घेता येते, पण नाताळात ते आले असताना समोरासमोर बसणं कितीतरी चांगलं. त्यांना एक जादा प्रश्न विचारा: 'तुमचे आईवडील इथे आहेत. धर्मग्रामाने त्यांच्यासाठी काय करावं असं तुम्हाला वाटतं?'

### इ. भाषा

कादोडी बोलणाऱ्याला कादोडीत बोलू द्या, वाडवळाला वाडवळीत, कोळणीला तिच्या बोलीत आणि पाड्यावरच्या माणसाला वारलीत. प्रमाण मराठीत बोलायला लावलं की माणूस भाषण करतो. लिहिणाऱ्यालाही ती बोली यायला हवी. येत नसेल तर त्या आळीतलाच लिहिणारा घ्या.

> इशारा: बैठकीत किंवा घरभेटीत एखाद्या मुलाच्या लैंगिक छळाची गोष्ट कानावर आली तर ती या कामाचा भाग नाही. ती वहीत 'मुद्दा' म्हणून जात नाही, गटात चर्चेला येत नाही आणि फादरांना सांगून थांबायचंही नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्यासोबत धर्मप्रांताच्या ठरलेल्या व्यवस्थेलाही कळवा. गटातल्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवा.

## टप्पा ५: ऐकलेलं लिहिणं आणि लावणं

बैठक झाली त्याच रात्री टिपण पुरं करा. दुसऱ्या दिवशी ते तुमच्या शब्दांत उतरतं.

शब्द तेच ठेवा. समजा, एक आजी म्हणाल्या: 'मला मिस्सेला यायचंय. पण मागच्या दाराच्या तीन पायऱ्यांना धरायला कठडा नाही आणि पुढच्या दाराने आलं की सगळे वळून बघतात.' सारांश करणारा लिहितो: 'ज्येष्ठांच्या अडचणी.' या दोन शब्दांवर वर्षभर समिती बसेल. आजींच्या वाक्यावर वेल्डरला बोलावून आठवड्यात कठडा लागेल. त्याच वाक्याचा दुसरा अर्धा भाग, सगळे वळून बघतात तो, कठड्याने सुटणार नाही. त्यावर प्रवचनात बोलावं लागेल आणि पुढच्या बाकांवर बसणाऱ्यांनी स्वतःकडे बघावं लागेल. सारांशात हे दोन्ही गेलं असतं.

सगळी टिपणं आल्यावर नावं काढा आणि वाक्यं कापून टेबलावर पसरा. सारखी वाटतात ती एकत्र ठेवा. मग दोन गोष्टी पाळा.

मोजणी करून क्रम लावू नका. चाळीस जणांनी पार्किंगबद्दल सांगितलं आणि एकीने सांगितलं की मूकबधिर मुलाला घेऊन ती मिस्सेला येते आणि त्याला काहीच कळत नाही, तर दुसरं वाक्य खाली जाता कामा नये. एकट्या आवाजांचा वेगळा गठ्ठा करा आणि तो शेवटपर्यंत टेबलावर ठेवा.

आणि वह्यांतले आकडे आता शेजारी आणा. लोक म्हणतात 'तरुण येत नाहीत'. तुमच्या चार रविवारांच्या मोजणीत काय आहे? कदाचित तरुण येतात, पण संध्याकाळच्या मिस्सेला, आणि बोलणारे सगळे सकाळच्या मिस्सेचे आहेत. लोकांना जे वाटतं तेही खरं आणि मोजणीही खरी. दोन्ही लिहा.

## टप्पा ६: निर्णयाआधी लोकांना परत वाचून दाखवा

हा टप्पा सर्वात जास्त गाळला जातो. गट थकलेला असतो आणि अहवाल थेट परिषदेकडे जातो. तसं करू नका.

दोन पानी मजकूर तयार करा: आम्ही कुठे कुठे गेलो, काय ऐकलं, आकडे काय सांगतात. शिफारशी एकही नको. तो मराठीत, आणि तुमच्याकडे कोकणी-इंग्लिश बोलणारे असतील तर त्यांच्याही भाषेत, मिस्सेनंतर वाचा, फलकावर लावा आणि समूहांच्या मोबाइल गटांवर पाठवा. विचारायचं एकच: 'तुम्ही बोललात ते बरोबर उतरलंय का? काही सुटलंय का?' दोन आठवडे थांबा. दुरुस्त्या येतात, आणि चांगल्या येतात.

> तपासा: लाल रेघेतल्या घरांपर्यंत हे कागद हाताने पोहोचवले का? ते मिस्सेला येत नाहीत, त्यामुळे फलक त्यांच्यासाठी नाही.

## टप्पा ७: निर्णय

उपवासकाळात एक रविवार दुपारपर्यंत मोकळा ठेवा आणि धर्मग्राम सभा बोलवा. बसताना हे स्पष्ट असू द्या: चर्चच्या कलम ५३६ प्रमाणे धर्मग्राम परिषद सल्ला देते, शेवटचा निर्णय धर्मगुरूंचा. हे लपवून सभा घेतली तर नंतर फसवल्यासारखं वाटतं. फादरांना एखादा सल्ला पटला नाही तर त्यांनी का नाही ते लोकांना सांगावं, एवढी अपेक्षा आधीच ठरवून घ्या.

मुद्द्यांचे तीन ढीग करा.

*आपण स्वतः करू शकतो.* कठडा, मिस्सेच्या वेळा, आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर नेणारे सेवक वाढवणं, भाडेकरूंच्या कुटुंबपत्रिका.

*वरून परवानगी हवी.* नवं बांधकाम, जमीन, दफनभूमी वाढवणं. बिशपांची परवानगी तर लागतेच. शिवाय मालमत्ता सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर विक्री, देवाणघेवाण किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याआधी १९५०च्या न्यास कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची मंजुरीही लागते. सभेत हात वर करून हे ठरत नाही.

*आपल्या हातात नाही, पण आवाज उठवता येतो.* पाणी, रस्ते, पावसात तुंबणारं पाणी. इथे शेजारच्या इतर धर्मीयांसोबत बसावं लागेल.

पहिल्या ढिगातून जास्तीत जास्त तीन कामं निवडा. प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा: कोण करणार (नाव, 'समिती' नव्हे), कधीपर्यंत, पैसा कुठून, आणि त्यासाठी काय थांबवणार. चौथा रकाना रिकामा असेल तर काम यादीतून काढा. वर्षाला सणावर होणारा रोषणाईचा खर्च अर्धा करून एकट्या वृद्धांसाठी आठवड्याला दोनदा डबा, असं काहीतरी तिथे लिहिलेलं दिसायला हवं.

### भाषेचा प्रश्न आला तर

तो येतोच, आणि त्यावरच सभा फुटते. मराठी मिस्सेला केस पिकलेले लोक आणि इंग्लिश मिस्सेला मुलं, म्हणून एक गट म्हणतो इंग्लिश वाढवा, दुसरा म्हणतो मराठी संपतेय. मतदान घेऊ नका. टप्पा २ मधला कागद काढा आणि बघा की धर्मशिक्षणाचे वर्ग कुठल्या मिस्सेच्या आगेमागे भरतात. पुष्कळदा ते इंग्लिश मिस्सेला जोडलेले असतात, म्हणून मुलं तिथे जातात आणि मुलांमागे आईवडील. भाषेच्या आवडीने झालेली ही निवड नाही, वेळापत्रकाने झालेली आहे. एका वर्षासाठी अर्धे वर्ग मराठी मिस्सेला जोडून पुन्हा मोजा. मुलांना मराठी वाचनं करू द्या, सराव घ्या. वर्षानंतरही मुलं इंग्लिशकडेच गेली तर त्यांची प्रार्थनेची भाषा बदलली आहे हे मान्य करावं लागेल, आणि आजी-नातवंडं वर्षातून काही वेळा तरी एकाच मिस्सेला कशी बसतील यावर बोलावं लागेल. माझं स्वतःचं मन मराठीकडे आहे, तरी मुलांना ओढून आणलेली मराठी मिस्सा टिकणार नाही.

> इशारा: अमराठी कुटुंबांना 'बाहेरचे' म्हणणारा शब्द सभेत आला तर चालवणाऱ्याने तिथेच थांबवावं. चर्चच्या कायद्याने सर्वसाधारणपणे हद्दीत राहणारा श्रद्धावंत हा त्याच धर्मग्रामाचा आहे, पत्रिका असो वा नसो.

## टप्पा ८: फेरतपासणी आणि हस्तांतरण

सहा महिन्यांनी तीन कामांचं काय झालं ते मिस्सेनंतर पाच मिनिटांत सांगा. झालं नसेल तर झालं नाही असं सांगा आणि कारण सांगा. वर्षाने पुन्हा चार रविवार मोजा, त्याच महिन्यात, त्याच पद्धतीने.

काही वर्षांनी फादरांची बदली होते, परिषदेची मुदत संपते आणि सगळं पुसलं जातं. म्हणून पहिल्या दिवसापासून एक जाड फाइल ठेवा. तिच्यात आकड्यांचे तक्ते, हाताने काढलेल्या नकाशाची प्रत, नावं काढलेली टिपणं, लोकांना वाचून दाखवलेली दोन पानं, सभेतला चार रकान्यांचा तक्ता आणि एकट्या आवाजांचा गठ्ठा असावा. नावांसहितची मूळ टिपणं सभेनंतर फाडून जाळून टाका. तसं लोकांना आधीच सांगितलेलं असतं. नव्या फादरांचं स्वागत झालं की पहिल्या महिन्यात गटातल्या दोघांनी फाइल घेऊन तासभर त्यांच्याजवळ बसावं आणि लाल रेघेतल्या एखाद्या घरी त्यांना सोबत न्यावं.